ओपनिंग नाइट
जॉन कॅसाव्हेटीस याने लिहिलेला व दिग्दर्शित केलेला अमेरिकन चित्रपट (१९७७). मर्टल गॉर्डन ही रंगभूमीवरील ख्यातनाम, परंतु वयाने उताराला लागलेली अभिनेत्री त्याची नायिका होय. नव्या नाटकातील प्रौढ स्त्रीची भूमिका वठविणे म्हणजे स्वतःचे वार्धक्य मान्य करणे, असे तिला वाटते. एका तरुण चाहतीच्या अपघाती मृत्यूनंतर तिच्या मनाचा तोल ढळतो. न्यूयॉर्कमधील पहिल्या प्रयोगात ती मद्यधुंद अवस्थेत संहिता बाजूस सारते आणि नाट्यगृह हशा व टाळ्यांनी दुमदुमते.

चित्रपटाच्या प्रेक्षकांत मात्र असे एकमत झाले नाही. अमेरिकेत त्याची उपेक्षा झाली. तेथे त्याचे रीतसर वितरण दिग्दर्शकाच्या मृत्यूनंतर, १९९१ मध्ये झाले. उलट बर्लिन महोत्सवात (१९७८) जीना रोलंड्स हिला मर्टलच्या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक लाभले. लांबलेले प्रसंग व सैल बांधणी हे आक्षेप निराधार नाहीत. तथापि मतभेदाचे मूळ शेवटात आहे. मर्टलने वार्धक्यावर मात केली, की हशाआड ते केवळ लपविले, याचा निर्णय दिग्दर्शक देत नाही. तो प्रेक्षकावर सोपविण्यातच या कलाकृतीचे सामर्थ्य आहे.