वत्सगुल्मकालीन अजिंठा आणि जपानी निसर्गचित्र : एक तौलनिक विचार

प्रस्तावना :
आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील वाकाटक शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे अमात्य वराहदेव याने, तर १७ क्रमांकाचे लेणे एका मांडलिक राजाने करविले. तेथील मानवाकृतींची थोरवी सर्वमान्य आहे. निसर्गाविषयी मात्र ‘तो केवळ पार्श्वभूमीपुरता आहे’ असा अभिप्राय दिला जातो. निसर्गाला स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा देणाऱ्या जपानी चित्रकलेच्या संदर्भात या अभिप्रायाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

जपानी निसर्गचित्राचा विकास :
जपानमध्येही निसर्ग प्रथम कथेच्या आश्रयानेच आला. होर्युजी मंदिरातील सातव्या शतकातील तामामुशी देव्हाऱ्यावर भुकेल्या वाघिणीची जातककथा रंगविलेली आहे. तेथील कडा बोधिसत्त्वाच्या आत्मार्पणासाठीच आहे. पुढे हेइआन काळात (७९४ ते ११८५) ‘यामातो-ए’ शैली घडली. चिनी वळणाच्या दृश्यांऐवजी स्वदेशातील ऋतू आणि प्रसिद्ध स्थळे घरातील पडद्यांवर येऊ लागली व त्यांना कवितेची जोड मिळाली. सेश्शू (१४२० ते १५०६) याने चीनचा प्रवास करून शाईचित्रणाचे तंत्र आत्मसात केले. परंतु उतारवयात त्याने आमानोहाशिदाते हे जपानमधील प्रत्यक्ष स्थळच चितारले. एकोणिसाव्या शतकात होकुसाई आणि हिरोशिगे यांनी पाश्चात्य यथादर्शनाचा उपयोग केला, तोही फुजी पर्वत व तोकाइदो मार्ग दाखविण्यासाठी. तंत्र परके आणि स्थळ आपले, हे या विकासाचे सूत्र दिसते.

अजिंठ्यातील निसर्ग :
अजिंठ्यातील खडक ठोकळ्यांसारखे, सांकेतिक आहेत. दूरत्वाचा आभास तेथे फारसा नाही. एवढ्यावरून निसर्ग गौण ठरविणे मात्र घाईचे होईल. १७ क्रमांकाच्या लेण्यातील मातृपोषक जातकात राजाच्या बंधनातील हत्ती अन्न नाकारतो आणि सुटका झाल्यावर कमळांच्या तळ्यात आपल्या माणसांना भेटतो. ते तळे काढून टाकले तर पुनर्भेटीचा आनंदच नाहीसा होईल. येथे निसर्ग पात्राच्या अवस्थेचा भाग आहे. याच दृष्टीची साक्ष ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाचा सहावा अंक देतो. शकुंतलेचे चित्र अपुरे वाटल्याने दुष्यंत त्यात मालिनी नदी, हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याचा परिसर आणि हरणे रंगवावयाची राहिली आहेत, असे सांगतो. तिच्या तपोवनाशिवाय शकुंतला पूर्ण होत नाही, असा याचा अर्थ.

भेदाची कारणमीमांसा :
निसर्गप्रेमाच्या अभावाने हा भेद पडला, असे म्हणता येत नाही. ऋतुवर्णनाची समृद्ध काव्यपरंपरा येथेही होती. भेद प्रामुख्याने चित्राच्या आधारपृष्ठाचा आणि उपयोगाचा आहे. विहाराच्या अंधाऱ्या भिंतीवर उपासकांसमोर बोधिसत्त्वाचे चरित्र उभे करावयाचे होते. पडदा आणि गुंडाळीचित्र घरात राहणारे, ऋतुमानानुसार बदलता येणारे. तेथे एकटा डोंगरही पुरेसा ठरला. शिवाय हरिषेणानंतर वाकाटकांची सत्ता लवकरच लयास गेली आणि अजिंठ्याचा राजाश्रय तुटला. जपानमध्ये मात्र राजदरबार, झेन मठ आणि पुढे नगरांतील ग्राहक असा आश्रय बदलत गेला, तरी खंडित झाला नाही.

निष्कर्ष :
स्वतंत्र निसर्गचित्र ही जपानी परंपरेची निःसंशय उपलब्धी आहे; अजिंठ्याला ती साधली नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि एका परंपरेतील परिणत प्रकार दुसऱ्या परंपरेचा मापदंड करणे समीक्षेच्या दृष्टीने सदोष ठरते. ‘पार्श्वभूमी’ हा शब्द अजिंठ्यातील निसर्गाला अपुरा आहे. वत्सगुल्माच्या राजवटीतील चित्रकारांनी वृक्ष, जल आणि प्राणी यांना माणसाच्या मागे नव्हे, तर त्याच्या सोबत उभे केले. या चित्रांचे मूल्यमापन त्याच नात्याच्या आधारे व्हावयास हवे.