ठाणाला लागून असलेली खोली

कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावाबाहेर राहणाऱ्या एका घोडेस्वार बाईंनी आपल्या ट्रेलरमधली राहण्याची खोली स्वतःच्या हातांनी पुरी केली आहे. ट्रेलरच्या मागच्या भागात तीन घोड्यांची ठाणं आहेत, पुढच्या भागात माणसाची खोली, आणि हे सगळं पिकअप ट्रकला जोडून डोंगरात न्यायचं असतं. विकत घेतला तेव्हा पुढचा भाग नुसता ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पत्रा होता. आतलं लाकूड, तारा, नळ, खण, पलंग हे सगळं बाईंनी हिवाळ्यात अंगणात उभं राहून केलं. या खोलीवर सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण कुठे बंद करायचं आणि कुठे उघडं सोडायचं याचा इतका बारीक विचार मी मोठमोठ्या घरांतही पाहिलेला नाही.

ऑबर्न हे घोड्यावरून लांबचा पल्ला गाठणाऱ्यांचं गाव. १९५५ साली वेंडेल रोबी आणि त्याच्या सोबत्यांनी सिएरा नेवाडा ओलांडून एका दिवसात १०० मैल घोड्यावरून येऊन दाखवलं, आणि त्यातूनच टेव्हिस कप ही शर्यत सुरू झाली. ट्रकीजवळच्या रोबी पार्कमधून पहाटे सव्वापाचला निघायचं आणि २४ तासांच्या आत ऑबर्नला पोचायचं. वाटेत पशुवैद्य घोड्याची नाडी मोजतात, पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकतात, त्याला दुडक्या चालीने पळवून पाहतात. घोडा पुढे जाण्याच्या स्थितीत नाही असं ठरलं, की स्वार कितीही ताजातवाना असो, त्याची शर्यत तिथेच संपली. अशा खेळात आदली रात्र घोड्याजवळच काढावी लागते. म्हणून ट्रेलरमध्ये खोली.

दार उघडून आत आलं की पहिल्यांदा जाणवते ती मागची तिरपी भिंत. घोडे ट्रेलरमध्ये तिरके उभे करतात, तोंडं चालकाच्या बाजूला. त्यामुळे पहिल्या ठाणाची भिंतही तिरपी येते आणि खोलीची एक बाजू आखूड राहते, दुसरी लांब. या धंद्यात खोलीचं माप आखूड बाजूवरूनच सांगतात: शॉर्ट वॉल आठ फूट, दहा फूट, असं. ही तिरप लपवायची तर कपाटं आणि न्हाणीघर ठोकून खोली चौकोनी दिसेल असं करता येतं, आणि पुष्कळदा तसंच करतात. बाईंनी ती उघडी ठेवली. तिच्या कडेने बसायचं बाकडं केलं, तेही तिरपं. बाकड्यावर बसलं की आपण घोडा उभा राहतो त्याच कोनात बसतो. खोलीला तिचा आकार घोड्याने दिला आहे आणि तो तसाच दिसू दिला आहे. मला ही या कामातली पहिली मोठी निवड वाटते.

पण हीच भिंत दुसऱ्या अर्थाने अगदी घट्ट बंद केलेली आहे. पलीकडे सुमारे साडेचारशे ते साडेपाचशे किलोंचा एकेक प्राणी उभा असतो. त्याच्या अंगाची ऊब, श्वासातली वाफ आणि मुतातून निघणारा अमोनिया, तिन्ही या भिंतीवर येतात. बाईंनी प्रत्येक सांधा लवचीक सीलंटने भरला, ठाणाकडे उघडणाऱ्या लहान दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावली, आणि त्या बाजूला पितळेचा एकही तुकडा ठेवला नाही. बिजागऱ्या, कड्या, हूक सगळे स्टेनलेस स्टीलचे. मी कारण विचारलं, तर त्यांनी थेट हिंदुस्थानातली हकिगत सांगितली. ब्रिटिश अमदानीत लष्कर पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत साठवून ठेवी. उघडीप झाल्यावर काढून पाहावं, तर पितळी कवचांना तडे गेलेले. पावसाळ्यातच हे का घडतं याचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. पितळ थंड अवस्थेत ओढून कवच घडवताना धातूत ताण शिल्लक राहतो. त्यावर घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि हवेतली ओल यांचा मारा झाला की ते तडकतं. एका कडीच्या निवडीमागे आपल्याकडच्या पावसाळ्यातला तबेला उभा असेल, असं मला त्या क्षणापर्यंत वाटलं नव्हतं. बाजारातल्या कित्येक ट्रेलरांत काउबॉयी थाटासाठी ठोक्याच्या तांब्याची सिंक आणि पितळी मुठी बसवतात. शोभा म्हणून त्या छान दिसतात, पण घोड्याच्या शेजारी हे धातू चुकीचेच.

छताकडे मात्र नेमकी उलटी नीती आहे. देवदाराच्या पातळ फळ्या एकमेकींत अडकवून छत केलं आहे आणि छत भिंतीला जिथे भेटतं तिथे एक नाजूक गोलसर पट्टी फिरवली आहे. ती पट्टी नीट पाहावी. तिचे सगळे स्क्रू छताकडे आहेत. भिंतीला ती फक्त टेकलेली आहे. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हिवाळ्यातल्या रात्री सिएराच्या माथ्यावर आणि उन्हाळ्यातल्या दुपारी खालच्या खोऱ्यात पत्र्याच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्या फरकाने तीन मीटर लांबीचं ॲल्युमिनियम साधारण साडेतीन मिलिमीटर लांबतं. लाकूड उष्णतेला फारसं दाद देत नाही. ते दमट हवेत आडवं फुगतं. म्हणजे सांगाडा एका कारणाने हलणार, अस्तर दुसऱ्याच कारणाने, आणि वर रस्त्याचे धक्के. दोघांना एकत्र जखडलं, तर पहिल्याच मोसमात कुठेतरी चीर जाणार. बाईंनी फळ्यांच्या टोकांना फट सोडली आणि फट झाकणारी पट्टी एकाच बाजूला बांधली. छत आता पट्टीसकट भिंतीवर सरकत राहतं आणि खालून काही दिसत नाही. घरात फर्निचर करणारा सुतार फट म्हणजे कमीपणा मानतो. चाकांवरच्या खोलीत फट मोजून ठेवायची असते, आणि ती मोजली गेली आहे हे पाहणाऱ्याला पट्टी देखणी असल्यामुळेच कळत नाही.

भिंतींच्या आतही हाच विवेक आहे. ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांमध्ये फोमचे तुकडे भरले तरी थंडी पट्ट्यांतूनच आत येते, कारण धातू उष्णता झटकन वाहून नेतो. रात्री माणसाच्या श्वासाची वाफ त्या गार रेषांवर अस्तरामागे ओल धरते आणि लाकूड आतून काळं पडतं. म्हणून प्रत्येक पट्टीच्या तोंडावर फोमची पातळ फीत, तिच्यावर लाकडी पट्टी आणि मग अस्तर. हे काम एकदा झाकलं की कुणाला दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.

वजनाबद्दल थोडक्यात. ट्रेलर किती भार पेलतो हे ठरलेलं असतं. खोलीत चढवलेला प्रत्येक किलो घोड्याच्या, चाऱ्याच्या किंवा पाण्याच्या वाट्यातून जातो. १८ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवूडचा आठ बाय चारचा ताव सुमारे ३५ किलोंचा. बाईंनी १२ मिलिमीटरचा वापरला, पाठीमागे पट्ट्या लावून त्याला ताठपणा दिला, आणि ज्या कपाटांना पाठीची गरज नव्हती त्यांना पाठ दिलीच नाही. पाण्याची टाकी चाकांच्या जवळ आणि अगदी खाली.

खण उघडायला गेलं की खण येत नाही. तो आधी किंचित वर उचलायचा आणि मग ओढायचा. खालच्या फळीला पुढे एक खाच आहे आणि बंद करताना खण आपल्याच वजनाने त्या खाचेत बसतो. वळणावर ट्रेलर कितीही कलला तरी तो बाहेर येत नाही. चाकांवरच्या घरांत ही युक्ती जुनीच आहे. बाईंनी मात्र खाचेची कड रंध्याने आणि पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत केली आहे, की खण बसताना हलका टक् असा आवाज होतो आणि बोटांना कळतं, बसला. अंधारात, पहाटे चारला, हातमोजे घातलेल्या हाताने घोड्याचं औषध काढून खण परत लावायचा असतो. त्या वेळी डोळ्यांपेक्षा हातच उपयोगी पडतात, आणि हा खण हातांसाठी केलेला आहे.

आता खिडकी. पलंग पुढच्या चोचीत, ट्रकच्या हौद्यावर अधांतरी येणाऱ्या भागात. छत इतकं खाली की उठून ताठ बसता येत नाही. उशीशेजारी, ज्या बाजूला रात्री घोडा बाहेर बांधतात त्या बाजूला, वीतभर उंचीची सरकती खिडकी आहे. मूळ सांगाड्यात ती नव्हती. बाईंनी पत्रा कापून बसवली. इतकी राखलेली ऊब त्या खिडकीतून थोडी जाते आणि ते त्यांना मान्य आहे, कारण या खिडकीतून घोड्याचं वैरण चावणं ऐकू येतं. घोडा खात असेल तर सहसा सगळं ठीक. खाणं थांबलं, तो पाय आपटू लागला, पोटाकडे मान वळवू लागला, तर पोटशूळाची शंका घ्यायची आणि उठायचं. पशुवैद्य दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोपने जे ऐकणार, त्याची खबर झोपेतल्या माणसाला आदल्या रात्री याच फटीतून मिळते. घोडा ट्रेलरलाच बांधलेला असल्याने तो दोर ताणून अंग हलवतो तेव्हा पलंगही हलतो. बाई सांगतात की त्यांना या हलण्यात झोप लागते आणि ते थांबलं की जाग येते. सगळी खोली निगुतीने बंद करून नेमकी इथेच उघडी ठेवणं हे या कामाचं मर्म आहे. बाजारात तयार मिळणाऱ्या खोलीत ही खिडकी मिळणार नाही. घोड्याची कोणती बाजू कुठे येईल, आपण कोणत्या कुशीवर झोपतो आणि आपली झोप किती सावध असते, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

या खोलीला पूर्वज आहेत. चार्ल्स गुडनाइटने १८६६ साली लष्कराच्या जुन्या गाडीच्या पाठीला खणांचं कपाट जोडलं आणि त्याचं दार खाली पाडलं की ओटा होईल असं केलं. गुराख्यांचं स्वयंपाकघर त्यावर चाललं. वायोमिंगमधल्या रॉलिन्सच्या जेम्स कँडलिश या लोहाराकडे १८८४ मधल्या मेंढपाळाच्या गाडीचं श्रेय देतात. दाराशी चूल, दोन्ही कडांना बाकडी, मागे आडवा पलंग आणि पलंगाखालून बाहेर सरकणारं टेबल. लहान जागेची इतकी पक्की मांडणी नंतर फारशी कुणाला सुधारता आलेली नाही.

आणि इथेच या खोलीत मला एक उणीव दिसते. बाईंचं टेबल एका पायावर उभं राहतं, डुगडुगतं, आणि मांडलं की दारापासून पलंगाची वाट अडवतं. रात्री घोड्याकडे धावायचं झालं तर ते आधी आवरावं लागेल. कँडलिशची युक्ती जशीच्या तशी चालणार नाही, कारण इथे पलंग छातीइतक्या उंचीवर आहे. पण तिरप्या बाकड्याच्या पोटात जागा रिकामी आहे. तिथून फळी ओढून घेता आली, तिला त्याच खणांसारखी खाच दिली, तर बसणाऱ्याला टेबलही मिळेल आणि वाटही मोकळी राहील. मी हे बोललो तेव्हा बाईंनी बाकड्याखाली टेप धरून माप घेतलं. आखूड बाजूला फळी भिंतीला घासते, तेव्हा ती तिरपी कापावी लागेल.