न आवरलेल्या बाहुल्या : एका चित्राक्षराची चिन्हमीमांसा

२०१० मध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत एका चित्राक्षराचा समावेश झाला. त्याचे अधिकृत नाव 'जपानी बाहुल्या'. दरबारी वेषातील एक पुरुष आणि एक स्त्री त्यात शेजारीशेजारी बसलेली दिसतात. जपानी मोबाइल कंपन्यांच्या चित्रसंचांतून आलेले हे चिन्ह आज जगभरच्या दूरध्वनींवर आहे. चित्राला अनुवाद लागत नाही, या इमोजीविषयीच्या रूढ समजाची परीक्षा या एका चिन्हावर घेता येते.

चार्ल्स पर्स याच्या वर्गीकरणानुसार हे चिन्ह साम्याधिष्ठित ठरते. परंतु हे साम्य बाहुल्यांपाशीच थांबते. त्या बाहुल्या स्वतःच हेइआन काळातील सम्राट व सम्राज्ञी यांच्या प्रतिमा आहेत. ३ मार्चच्या 'हिनामात्सुरी' या सणात, मुली असलेल्या घरांतून, लाल कापडाने आच्छादलेल्या पायऱ्यांवर त्या मांडल्या जातात. पूर्ण मांडणीत सात पायऱ्या आणि पंधरा बाहुल्या असतात. इमोजीत केवळ सर्वांत वरची पायरी उरते.

तथापि गाळलेल्या तेरा बाहुल्यांपेक्षा गाळलेला काळ अधिक महत्त्वाचा आहे. या सणामागे एक जुना विधी आहे : अंगावरील अमंगळ कागदी बाहुलीवर उतरवून ती प्रवाहात सोडणे. वाकायामा येथील आवाशिमा देवस्थानात ३ मार्च रोजी बाहुल्या होडीतून समुद्रात सोडल्या जातात. घरातील बाहुल्याही सणानंतर लवकर न आवरल्यास मुलीचे लग्न लांबते, असा लोकसमज आहे. म्हणजे मांडण्याइतकेच आवरणेही अर्थनिर्मितीचा भाग आहे. इमोजी मात्र आवरता येत नाही. ते बाराही महिने कळफलकावर मांडलेलेच असते.

या कालच्युतीची साक्ष त्याचे नावही देते. संकेतयादीतील त्याच्या अलीकडे-पलीकडे असलेली पाइनची सजावट आणि कार्प माशाची पताका ही चिन्हेही जपानी सणांचीच. पण त्यांची नावे वस्तूवरून पडली आहेत. येथे देश सांगितला जातो, सण सांगितला जात नाही. जपानी घरात या बाहुल्यांना 'जपानी' म्हणण्याची गरजच नाही; ते विशेषण बाहेरच्या दृष्टीचे आहे. त्या दृष्टीला येथे जोडपे, विवाह किंवा नुसता 'जपान' दिसला, तर नवल नाही.

असा वापर चुकीचा ठरविणे हे समीक्षेचे काम नव्हे. अर्थ वापरातूनच घडतो. परंतु ३ मार्चच्या सुमारास एखाद्या जपानी आईने मुलीला तेच चिन्ह पाठविले, तर हरवलेला काळ त्याला परत मिळतो. चित्र तेच राहते. वाचले जाते ते पंचांगासह. सार्वत्रिक झाली आहे ती आकृती. तिच्या अर्थाला अनुवाद लागतोच, आणि तो चित्रात नव्हे, प्रथेत शोधावा लागतो.