ताणलेली तार आणि बी. बी. किंग

ब्लूज गिटार ऐकायचीये, सुरुवात कुठून करू? असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: बी. बी. किंगचा 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल'. शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये २१ नोव्हेंबर १९६४ रोजी झालेल्या कार्यक्रमाचं हे ध्वनिमुद्रण १९६५ मध्ये आलं. दहा गाणी, साधारण ३५ मिनिटं.

आधी थोडं भौतिकशास्त्र. तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. बोटाने तार आडवी ढकलली की ताण वाढतो आणि सूर चढतो. सा वरून रे गाठायचा, तर वारंवारता सुमारे १२ टक्के वाढायला हवी. त्यासाठी ताण साधारण २६ टक्के वाढवावा लागतो. हे सगळं बोटाच्या जोरावर आणि कानाच्या भरवशावर! गिटारचे पडदे सुरांच्या पायऱ्या पाडतात, पण तार ताणली की दोन पायऱ्यांमधली जागाही सापडते. ब्लूजचा गंधार अनेकदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधेच घुटमळतो. सतारीची मींड ऐकलेल्या कानाला हे परकं वाटणार नाही.

आता 'स्वीट लिटल एंजल' लावा. किंग गातो तेव्हा त्याची गिटार जवळपास गप्प असते. ओळ संपली की ती उत्तर देते, तेही मोजक्या सुरांत. एखादा सूर धरून तो हात असा हलवतो की सूर थरथरतो, अगदी गळ्यातून आल्यासारखा. वेगवान बोटं म्हणजेच कौशल्य, असं वाटत असेल तर हे जरूर ऐका.

'हाऊ ब्लू कॅन यू गेट' मध्ये तो प्रेयसीला काय काय दिलं याची यादी वाचतो. बँड थांबत थांबत वाट करून देतो आणि यादीच्या शेवटी प्रेक्षक अक्षरशः किंचाळतात. ब्लूज म्हणजे नुसतं रडगाणं, हा समज इथेच गळून पडतो. दुःख तेच आहे, पण ते सगळ्यांनी मिळून हसण्यावारी नेलंय.

आवाज स्टुडिओसारखा स्वच्छ नाही, आरडाओरडा भरपूर आहे. काहींना तो खटकेल. मला मात्र तो या अल्बमचा अर्धा जीव वाटतो: शिकागोच्या साउथ साइडमधला कृष्णवर्णीय श्रोता इथे किंगला ओळीओळीला दाद देतोय, आणि ती दाद मिळाली की किंगची पुढची ओळ आणखी खुलते. ते थिएटर १९७३ मध्ये पाडलं गेलं. हा संवाद तेवढा उरलाय.

पहिली चार गाणी न थांबता ऐका. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा गिटार कधी गप्प बसते, फक्त तिकडे लक्ष द्या.