हाक मारल्यावर येणारी

हिंगणघाटला आमच्या घरी केबल नव्हती. अँटेनावर दूरदर्शन दिसायचं. त्यामुळे ‘शक्तिमान’ घरचा आणि ‘सोनपरी’ शेजारच्या काकूंची. स्टार प्लसवर २००० ते २००४ या काळात चाललेली ही मालिका मी काकूंच्या दाराशी बसून पाहिली. एकदा जेवायला बोलवायला आलेली आई दोन मिनिटं थांबली, टीव्हीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “त्या परीले सोतासाठी काईच नाई लागत का रे?”

मालिका अलीकडे पुन्हा पाहिली तेव्हा हा प्रश्न आठवला.

गोष्ट साधी आहे. फ्रुटीची आई वारली आहे. तिच्याकडे एक सोनेरी चेंडू आहे. तो घासला की सोनपरी हजर होते, सोबत विनोदाला अल्टू. चमचमते कपडे आणि स्वस्तातले इफेक्ट्स आज हसवतात. तरी मृणाल कुलकर्णींचं काम टिकलं आहे. त्या परीचा आव आणत नाहीत. शांतपणे, मोठ्या माणसासारख्या त्या लेकराशी बोलतात. म्हणून आई नसण्याचं दुःख जादूच्या गमतीखाली दबत नाही. हे श्रेय मालिकेला द्यायलाच हवं.

पण सोनपरीला आपली सुपरहिरो म्हणायचं तर एक अडचण येते. शक्तिमानही लोकांच्या मदतीला धावतो. पण त्याला गंगाधर म्हणून नोकरी आहे, किल्विषाशी स्वतःचं वैर आहे. अमेरिकेत १९७५ ते १९७९ या काळात आलेल्या ‘वंडर वुमन’मध्ये लिंडा कार्टरची डायना स्वतःभोवती गिरकी घेते आणि बदलते. ती गिरकी कधी घ्यायची, हे तीच ठरवते. सोनपरीचा चेंडू मात्र दुसऱ्याच्या हातात आहे. मी प्रोग्रॅमर आहे. आमच्याकडे काही फंक्शन्स अशीच असतात. हाक आली की चालतात, काम झालं की थांबतात. दोन हाकांच्या मध्ये त्यांचं काय चालतं, हा प्रश्नच नसतो.

कुलकर्णींच्या गाजलेल्या भूमिका पाहा. ‘स्वामी’तल्या रमाबाई, मग सोनपरी, २००८ च्या ‘राजा शिवछत्रपती’तल्या जिजाऊ. पत्नी, परी, आई. तिघीही तेजस्वी आणि तिघींचंही तेज आपण दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत मोजतो. दोष अभिनेत्रीचा नाही. सामर्थ्यवान बाई आपल्याला आवडते, फक्त ती कुणाची तरी असावी लागते.

माझी आई अंगणवाडी सेविका होती. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळून घरी आली की चप्पल काढायच्या आत आम्ही दोघं भाऊ हाक मारायचो. चेंडूसुद्धा घासावा लागत नव्हता. मला ‘सोनपरी’ इतकी का आवडायची, हे आता कळतं. त्यात नवीन काहीच नव्हतं.

गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा तिला विचारलं, “आई, तुले काय पाहिजे?”

ती म्हणाली, “मले कायले काय लागते?” आणि मी काय खाणार, ते विचारलं.