‘दाता’ म्हटलं की अर्धा निकाल लागतो : मॅसन विरुद्ध पार्सन्स वाचताना

कुटुंब आणि नातेसंबंध यांवर प्रस्ताव लिहीत असाल, तर मॅसन विरुद्ध पार्सन्स हा १९ जून २०१९ चा निकाल मुळातून वाचा. तो ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाचा आहे (नाव हायकोर्ट, पण तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच). बातम्यांत तो ‘वीर्यदाता बाप ठरला’ असा आला. न्यायालयाचं म्हणणं जवळजवळ उलट आहे : हा माणूस दाता नव्हताच.

२००६ साली एका बाईनं जुन्या मित्राकडून वीर्य घेऊन घरच्या घरी गर्भधारणा केली. आपण बाप होणार, मुलाचं करणार, अशीच त्याची समजूत होती. जन्मदाखल्यावर त्याचं नाव लागलं. मुलगी आई आणि आईच्या जोडीदारणीकडे वाढली, पण त्याला डॅडी म्हणायची. रक्ताचं नातं नसलेली धाकटी बहीणही तेच म्हणायची. २०१५ मध्ये दोघींनी मुलींना घेऊन न्यूझीलंडला जायचं ठरवलं आणि हा कोर्टात गेला.

न्यू साउथ वेल्स राज्याच्या कायद्याप्रमाणे असा पुरुष बाप नसतो, आणि ते गृहीतक पुरावा देऊन खोडताही येत नाही. अपील कोर्टानं तेच लावलं. हायकोर्टानं मात्र संघराज्याचा १९७५ चा कौटुंबिक कायदा धरला : त्यातला ‘पालक’ हा शब्द नेहमीच्या बोलण्यातल्या अर्थानं घ्यायचा. आणि दाता म्हणजे वीर्य देऊन पुढे मुलाशी संबंध न ठेवणारा. आपल्याकडच्या ‘दान’ शब्दात हेच आहे की! दान दिलं, हक्क सुटला. मग ‘ओळखीचा दाता’ हा शब्दप्रयोगच अवघडतो.

इथवर ठीक. माझी तक्रार पुढे आहे. ‘नेहमीचा अर्थ’ म्हणजे नेमका कुणाचा? न्यायालयाला तो हाताशी तयार सापडतो. आपल्याला तोच शोधायचा असतो. शिवाय त्याच्या बाबतीत हेतू, जिव्हाळा, दाखला, सगळं मोजलं गेलं. रोज मुलींचं करणाऱ्या जोडीदारणीचं थोरलीवरचं पालकत्व मात्र एका तारखेवर अडकलं. गर्भधारणेच्या वेळी दोघी कायद्याच्या नजरेत जोडपं नव्हत्या. असत्या, आणि तिची संमती असती, तर तीच दुसरी पालक ठरली असती. म्हणजे एकाला आचरणाचा निकष आणि दुसरीला कॅलेंडरचा. आणि अधूनमधून भेटणारा, ‘काका’ म्हणवून घेणारा माणूस? त्याच्यासाठी निकालात मापच नाही.

त्यामुळे प्रश्नावलीत आधीच ‘दाता’ लिहून टाकू नका. मूल त्याला काय हाक मारतं, शाळेच्या फॉर्मवर कुणाचं नाव असतं, हे विचारा. भारतात काम करणार असाल तर आणखी जपून : इथल्या २०२१ च्या कायद्यात दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेमार्फतच घेतलं जातं आणि दात्याला मुलावरचे हक्क सोडावे लागतात. मॅसनसारखा मित्र इथल्या क्लिनिकच्या नोंदींत शोधायला जाल, तर हाती काही लागणार नाही.