‘स्टिक अँड रडर’मधलं रडर

वोल्फगांग लँगेविश यांचं ‘स्टिक अँड रडर’ १९४४ साली आलं. वैमानिक ते आजही वाचतात. साहित्याचा वाचक मात्र त्याच्या वाटेला जात नाही, कारण ते ‘कसं करायचं’ सांगणारं पुस्तक आहे आणि अशा पुस्तकांची समीक्षा करायची आपल्याकडे फारशी रीत नाही. खरं तर हाताला येणारी गोष्ट शब्दांत पकडणं हे पात्राच्या मनात शिरण्याइतकंच अवघड. तबला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

लेखकाचा सगळा भर एका कल्पनेवर आहे: पंख समोरून येणाऱ्या हवेला किती कोनात भिडतो. काठी मागे ओढली की विमान वर जातं ही भाबडी समजूत तो चिकाटीनं, कधीकधी कंटाळा येईपर्यंत, खोडून काढतो. काठीनं कोन बदलतो. कोन फार वाढला की पंखाचा आधार सुटतो. हे पटलं की उतरणं वेगळं शिकायचं उरत नाही. जमिनीलगत विमान तरंगत ठेवायचं, काठी हळूहळू मागे घेत राहायची. पंखानं हात टेकले की चाकंही टेकतात. इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

माझी तक्रार रडरबद्दल आहे. नाव पुस्तकाच्या शीर्षकात, पण लेखकाच्या लेखी ते विमानाच्या रचनेतल्या उणिवा झाकणारं साधन. हवेत हे बरोबरच आहे. पण शेपटीखाली चाक असलेलं जुनं विमान टेकल्यावर काय होतं? पुढची दोन चाकं वजनाच्या मध्याच्याही पुढे असतात. नाक जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि तिरकेपणा वाढतच जातो. सातारा-सांगलीकडच्या वाचकाला आकृती लागणार नाही: ट्रॅक्टरनं उसाची ट्रॉली मागे घेताना ती एकदा वाकडी झाली की आणखी वाकडीच होत जाते, तसंच हे. त्यात नाक वर असल्यानं समोरची धावपट्टी दिसत नाही. दोन्ही कडांवरून अंदाज घ्यायचा. तिथे सगळी भिस्त पायांवर. डावा, उजवा, छोटे छोटे झटके, विमान पूर्ण थांबेपर्यंत.

कोयना प्रकल्पाच्या काळातली कराडची धावपट्टी किंवा सांगलीजवळ कवलापूरला पडून असलेली पट्टी पाहताना मला अशीच विमानं आठवतात. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं ‘पुष्पक’ १९५८ साली पहिल्यांदा उडालं: कापडी, दोन आसनी, ९० अश्वशक्तीचं, शेपटीला चाक. आपल्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी जण त्यावर शिकले. जेआरडी टाटांनी १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केलं तेही जुन्या ‘लेपर्ड मॉथ’मधून. त्या उड्डाणाचं कौतुक करताना आपण धाडस, जिद्द, स्वप्न हे शब्द वापरतो. जुहूला टेकल्यावरच्या काही सेकंदांत त्यांचे पाय काय करत असतील, हे आपल्या लेखनात येत नाही.

लँगेविश यांचं मन हवेत आहे, पायांशी ते जरा परकेपणानं वागतात. तरी निदान पायांविषयी बोलतात. मराठीत विमानावरचं लेखन अजून खिडकीजवळच्या सीटवर बसलेलं आहे.